उतरलेली पगडी

पगडी दहा वाजून पाच मिनिटांनी आशिषच्या डोक्यावर चढली आणि सव्वाबाराला उतरली. इतका आखूड कार्यकाळ बोरसे घराण्यात आजवर कुणाच्या वाट्याला आला नव्हता. त्याच्या वडिलांचं, आप्पांचं, मंत्रिपददेखील चार वर्षं टिकलं होतं, आणि तेही मरण आलं म्हणून संपलं, कुणी काढून घेतलं म्हणून नव्हे.

डिंडोलीतल्या समाजाच्या वाडीत, म्हणजे कार्यालयात, आज आप्पांची गंधमुक्ती होती. बारा दिवसांचं सुतक फिटायचं, म्हणून पांढऱ्या कपड्यांतले सोयरे रांगेने येत होते, घरच्या पुरुषांच्या कपाळी गंध लावत होते, टोपी-टॉवेल हातात देत होते आणि वरण-बट्टीच्या पंगतीकडे सरकत होते. धुळ्यापासून भेस्तानपर्यंतचे झाडून सगळे बोरसे आले होते. ज्यांना आप्पांनी नोकरी, बदली किंवा निदान आश्वासन दिलं होतं तेही आले होते. आश्वासनवाल्यांची गर्दी सर्वांत मोठी होती.

हार घातलेला फोटो मंत्र्याचा होता, जाकिटातला. केतकीने धावतानाचा सुचवला होता. "ताई, चड्डीवरचा फोटो?" आशिष म्हणाला होता. "गांधीनगरहून माणसं यायची आहेत!" केतकी बारडोलीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती. माणसांना चूक पुस्तक नेताना पाहून गप्प बसायची तिला वीस वर्षांची सवय होती.

आप्पा गेले तेही फोटोतल्यासारखेच, जाकिटात, मंचावरच्या सोफ्यावर. बक्षीस समारंभ होता. प्रमुख पाहुणे दोन तास उशिरा आले, मग भाषणं झाली, मग इतरांच्या हस्ते सतरा बक्षिसं वाटून झाली. मंचावर डोळे मिटलेला मंत्री ही काही घाबरण्याची गोष्ट नव्हे, त्यामुळे कुणी घाबरलं नाही. धावण्याच्या बक्षिसासाठी आप्पांचं नाव पुकारलं आणि ते उठले नाहीत. धावण्याच्या नावावर न उठणारे आप्पा पाहिल्याबरोबर समोर बसलेला सुकदेव, त्यांच्या मैदानावर मुलींना धावायला शिकवणारा, ओरडला. डॉक्टरांना मागाहून कळलं. त्या सतरा बक्षिसांपैकी नेमक्या कितव्याला ते गेले असतील, हे केतकीने अजून कुणाला विचारलं नव्हतं. उत्तर कुणाकडे नव्हतंच, म्हणून दिवसातून चार-पाच वेळा ती स्वतःला विचारून घेई.

तर पगडी. ती आईच्या माहेरून येते आणि मामा ती थोरल्या मुलाच्या डोक्याला बांधतो. आजपासून घराचा कर्ता हा, असं त्यातून चारचौघांना कळतं. चिंधामामाने शिंदखेड्याहून अकरा हात पांढरं मलमल आणलं होतं आणि निगुतीने बांधलं होतं. मग सव्वाबाराला आशिषचा फोन वाजला. पक्षाचे निरीक्षक साहेब एकपर्यंत पोचतात, त्यांच्या पीएने कळवलं. आप्पांच्या जागेवर पोटनिवडणूक लागणार होती. साहेब घर बघायला येत होते, आणि साहेबांची इच्छा होती की पगडी त्यांच्याच हातून बांधली जावी, म्हणजे फोटोही चांगला येईल. बांधून झाली असेल तर सोडून ठेवा.

आशिषने सोडून ठेवली. खुर्चीवर ठेवली आणि साहेबांची वाट बघायला रस्त्यावर गेला. त्या खुर्चीवर कुणीतरी बसणार हे ओळखून केतकीने ती उचलली. लोक टेबलावर टाकून गेलेली पुस्तकं ती अशीच उचलायची.

परत येताना आशिष पुष्पाबाईंच्या समोर आला. पुष्पाबाई म्हणजे आप्पांची थोरली बहीण. शास्त्र, रूढी आणि कुणाचं कुठे चुकलं, ही तिन्ही खाती त्यांच्याकडे कायमची होती.

"आशिष, डोकं उघडं काबर रे तुनं?"

"आत्या, ते साहेब येतायत ना. ते स्वतः बांधणार आहेत. म्हणून तात्पुरती..."

"काढी टाकी?" आत्यांनी छातीला हात लावला. "अरे, आसं कोनी करस का? तुनं डोकं फिरनं का?"

आत्यांची अहिराणी रागात निघायची. शिक्षा सुनावताना मात्र त्या सर्वांना समजेल अशा मराठीवर येत.

"बांधलेली पगडी दिवस मावळल्याशिवाय उतरवायची नसते. उतरलेली त्याच डोक्यावर परत चढत नाही. चढवली तर घरात दुसरं मरण मागते. आता करा काय ते."

पंगतीतल्या बट्ट्या मोडायच्या थांबल्या. तेवढ्यात भगवानकाका, आप्पांचे धाकटे भाऊ, अत्यंत दुःखी चेहऱ्याने पुढे आले. इतकं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर स्मशानातही दिसलं नव्हतं.

"झालं ते झालं," ते म्हणाले. "पोराची चूक आहे, पदरात घेऊ. पण पगडी काही भुईवर राहायची नाही. त्या डोक्यावर चढत नसेल तर घरातलं दुसरं डोकं बघायला लागेल." मग जणू ते दुसरं डोकं आत्ताच दिसलं असावं तसे ते वळले. "सुमित, टोपी काढ बेटा."

सुमित काकांचा मुलगा, महापालिकेत नगरसेवक. त्याने टोपी आधीच काढलेली होती.

"काका, मी जिवंत आहे अजून!" आशिष ओरडला.

"तेच टिकावं म्हणून म्हणतोय रे. आत्याने सांगितलं ना, दुसरं मरण मागते."

सगळ्यांनी चिंधामामाकडे पाहिलं. मामा साधा शेतकरी माणूस, सकाळपासून नव्या धोतरात अवघडलेला. "माले काय ठावं," तो म्हणाला. "वत्सला सांगेल त्याला बांधतो."

वत्सलाबाई, आशिष-केतकीची आई, भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी एकदा मुलाकडे, एकदा पुतण्याकडे पाहिलं. "मला आज काही सुचत नाही," त्या म्हणाल्या. "केतकी सांगेल."

असं म्हणून त्या उठल्या आणि मागच्या खोलीत जाऊन आडव्या झाल्या. केतकी त्यांच्यामागे गेली.

वाडी एरवी लग्नांसाठीच दिली जाई, त्यामुळे मागची खोली नवरीच्या तयारीची होती. भोवती दिवे लावलेला मोठा आरसा, कोपऱ्यात मोगऱ्याचे वाळके गजरे. त्या आरशासमोर केतकी मांडीवर ती पगडी घेऊन बसली. बारा दिवसांत तिला कुणी काही विचारलं नव्हतं; लोक तिला नुसतं सांगायचे. आता अर्ध्या तासाची सत्ता हाती आली होती आणि दारावर लगेच टकटक झाली. सत्तेची दारं किती पटकन वाजतात!

सुमित पाण्याची बाटली घेऊन आत आला.

"ताई, तू सकाळपासून पाणी प्यायलीस का?"

बाटलीचं बूच त्याने स्वतः उघडून दिलं. केतकीने दोन घोट घेतले.

"हे बघ ताई, मला खुर्चीचा मोह नाही. पण आशिष एकशे दोन किलोचा. क्रीडामंत्र्याचा वारस म्हणून लोकांसमोर उभा करायचा तर लोक हसतील की नाही? आणि मैदानाचं तुला वाटत असेल, तर मी आहे ना. तसंच ठेवू. नुसत्या अर्ध्यात बॉक्स क्रिकेट टाकू. जाळी, लाइट, झालं. पोरींना सकाळी मोकळंच."

मैदान. शेवटी त्याचं नाव निघालंच. रेल्वेलाइनच्या कडेचं ते मातीचं मैदान आप्पांनी मंत्री व्हायच्या कितीतरी आधी, कापडाचे माग चालवता चालवता उभं केलं होतं. चारशे मीटरचा गोल, चुन्याच्या रेघा. मागावरच्या कामगारांच्या तेवीस मुली तिथे रोज पहाटे धावत, सुकदेव त्यांना धाववी. आप्पांच्या ताफ्यातल्या गाड्या, पुतळ्याचं आश्वासन, फोटो, हे सगळं कुणी कुठेही नेलं असतं तरी केतकीची हरकत नव्हती. तिला एवढंच हवं होतं, तो गोल. जाकिटाच्या आत जो माणूस होता तो आता तेवढ्याच जागेत उरला होता.

"सुमित, अर्ध्या मैदानात चारशे मीटर कसे बसतील?"

"दोनशेच्या दोन फेऱ्या मारायच्या ना ताई. धावणं ते धावणंच."

"खरंय," केतकी म्हणाली. "विचार करते."

तो हसतमुखाने गेला. पाचच मिनिटांनी आशिष आला. त्याच्या कपाळावरचं गंध घामाने भुवईपर्यंत उतरलं होतं.

"तो काय म्हणत होता?"

"पाणी प्यायला सांगत होता."

"ताई, तू माझी सख्खी बहीण आहेस."

"हो. तू जन्मलास तेव्हापासून."

"चेष्टा करू नकोस ना. साहेब वडोदरा सोडून निघालेत. त्यांनी सुमितच्या डोक्याला पगडी बघितली तर माझा विषय संपला. तू आईला सांग, आत्याला सांग. तुला काय पाहिजे ते माग."

"आठव्या दिवशी मैदानाला टेप कुणी लावली?"

"कुठली टेप?"

"पिवळी. तुझ्या माणसांनी दुसरं टोक सुकदेवलाच धरायला लावलं होतं."

आशिष खाली बसला. नवरीच्या स्टुलाने आवाज केला. "नुसता अंदाज घेत होतो ग. पार्टी प्लॉटचा. आणि आप्पांच्याच नावाने! 'विठ्ठल पार्टी प्लॉट'. हजार-हजार माणसांची लग्नं होतील, पत्रिकेवर आप्पांचं नाव छापलं जाईल. यापेक्षा मोठं स्मारक कुठलं?"

केतकीने पिशवीतून एक कागद काढला. मैदान एका ट्रस्टचं होतं. आप्पा गेल्यावर तीन विश्वस्त उरले होते: आई, आशिष आणि भगवानकाका. दोघांच्या सह्या झाल्या की ठराव मंजूर. ठरावात दोनच गोष्टी होत्या. व्यवस्थापक विश्वस्त केतकी. आणि मैदान धावण्याखेरीज कुठल्याही कामाला द्यायचं नाही. आईची सही झालेली होती.

आशिषने वाचलं. परत वाचलं. "हे तू केव्हा लिहिलंस?"

"नवव्या दिवशी. दहाव्याच्या सामानाची यादी करून झाल्यावर."

"आप्पांना जाऊन नऊ दिवस झाले नव्हते, ताई!"

"टेप आठव्या दिवशी आली होती."

तो आरशात स्वतःच्या उघड्या डोक्याकडे बघत राहिला. खाटेवर आई भिंतीकडे तोंड करून निजली होती, किंवा निजल्यासारखं करत होती.

"आणि सही केली तर पगडी चढेल कशी? आत्या काही ऐकायची नाही."

"ते माझ्यावर सोड."

"लिहून दे."

"माझ्या शब्दावर विश्वास नाही?"

"तू पण लिहूनच घेतेयस ना!"

यावर दोघं भावंडं बारा दिवसांत पहिल्यांदा हसली. मग त्याने सही केली.

"कागद तुझ्याकडेच ठेव," केतकी म्हणाली. "मी बाहेर मागेन तेव्हा दे. सगळ्यांसमोर."

बाहेर भगवानकाकांनी सुमितला पाटावर बसवूनही टाकलं होतं. केतकी पगडी ओच्यात घेऊन आली आणि आत्यांसमोर बसली. ती नेहमीसारखंच हळू बोलली. ऐकण्यासाठी सगळ्या वाडीला पुढे झुकावं लागलं.

"आत्या, तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. उतरलेली पगडी त्याच डोक्यावर चढत नाही."

"मंग?"

"पण ही उतरली का, ते आधी बघावं लागतं. मुलाने ती भुईवर ठेवली तर उतरली. सख्ख्या बहिणीच्या ओच्यात गेली तर ती उतरली असं धरत नाहीत. सांभाळायला दिली असं धरतात. ही तेव्हापासून माझ्याकडे आहे. आता बहिणीने ती स्वतःच्या हाताने भावाला परत द्यायची. देण्याआधी ती जे मागेल ते भावाने द्यायचं, आणि मग मामाने बांधायची. दोष राहत नाही."

भगवानकाका खाकरले. "हे कुठे लिहिलंय?"

"'पागोटेविचार'मध्ये. काशीची जुनी प्रत आहे आमच्या ग्रंथालयात. बाराव्या प्रकरणात स्पष्ट दिलंय."

केतकीने आयुष्यात पहिल्यांदाच न लिहिलेल्या पुस्तकाचा हवाला दिला. लिहिलेल्या पुस्तकांचे तिने आजवर या घरात जेवढे हवाले दिले होते, त्यांतला एकही असा शांतपणे ऐकला गेला नव्हता.

"गुरुजी, तुम्ही सांगा," काका म्हणाले.

गुरुजी तरुण होते आणि त्यांना तीनला भेस्तानला वास्तुशांत होती. बारडोलीच्या ग्रंथपालबाईंनी वाचलेलं पुस्तक आपण वाचलं नाही, हे सातशे यजमानांसमोर सांगण्यासारखं नव्हतं. "असा पाठ आहे खरा," ते म्हणाले. "हल्ली कुणी पाळत नाही."

आता सगळं आत्यांवर होतं. आत्या बराच वेळ पगडीकडे बघत होत्या. त्या चार भावांची एकुलती बहीण होत्या. साऱ्या हयातीत त्यांनी शास्त्राची राखण केली, पण त्या शास्त्राने त्यांना आजवर कुठे बसवलं नव्हतं. ओवाळायला बोलवायचं आणि जेवायला मागून. बहिणीला विचारल्याशिवाय ज्याचं पुढचं पान उलटत नाही असं शास्त्र त्यांनी प्रथमच ऐकलं.

"बहिनना मान शे त्याम्हा," त्या म्हणाल्या. "खरंच व्हई." आणि भगवानकाकांकडे वळून मराठीत, "भगवान, पोराला उठव पाटावरून."

सुमित उठला. आशिष बसला.

"माग ताई," तो म्हणाला.

"मैदान."

त्याने खिशातून कागद काढून दिला. काकांनी मान लांब करून वाचला आणि त्यांच्या ध्यानात आलं, पण तोवर आत्यांच्या डोळ्यांना पाणी आलं होतं, बायका एकमेकींना कोपराने ढोसत होत्या आणि मागून कुणीतरी "वाह रे भाऊ!" म्हणालं होतं. अशा वेळी आक्षेप घेणारा काका पोटनिवडणुकीत चालत नाही. काकांनी टाळी वाजवली. चिंधामामाने अकरा हात मलमल पुन्हा बांधलं.

साहेब एकला यायचे ते दोन चाळीसला आले. पगडीच्या शेवटच्या पदराला बोट लावून त्यांनी फोटो काढून घेतला. "विठ्ठलभाई अमारा परिवारना हता," ते माइकवरून म्हणाले, आणि पक्ष कुटुंबाच्या पाठीशी आहे हे त्यांनी तीनदा सांगितलं. मग आशिषच्या पोटाकडे प्रेमाने बघत त्यांनी त्याच्या धावण्याचं विचारलं, "तमे पण दोडो छो ने?"

"हा साहेब. रोज सवारे," आशिष म्हणाला.

सगळी वाडी खाली बघू लागली. साहेबांनी एक बट्टी खाल्ली, टोपी-टॉवेल स्वीकारला आणि ते गेले.

घरी जाताना रिक्षात आई केतकीशेजारी बसली. रेल्वे फाटक बंद होतं. मालगाडी संपेना.

"ते पुस्तक खरंच आहे?"

"नाही."

आईने आणखी आठ-दहा डबे जाऊ दिले. "तुझ्या आप्पांना खोटं बोलताना यायचं नाही. कान लाल व्हायचे. मंत्री झाले तरी व्हायचे." तिने केतकीच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. "तुझे झाले नाहीत."

फाटक उघडलं. हे कौतुक होतं की काय होतं, हे केतकीला घर येईपर्यंत ठरवता आलं नाही.

पोटनिवडणुकीचं तिकीट जाहीर झालं. ते आशिषला मिळालं नाही, सुमितलाही मिळालं नाही. वेसूच्या एका हिरेव्यापाऱ्याला मिळालं. तो कधी डिंडोलीत आला नव्हता, पण त्याच्याकडे शर्यतीत धावणाऱ्या दोन घोड्या होत्या, आणि खेळाशी संबंध म्हणून पक्षाला तेवढं पुरलं. आशिष आणि सुमित त्याच संध्याकाळी एका गाडीतून त्याच्या अभिनंदनाला गेले. जाताना आशिषने फोन केला.

"ताई, ते पगडीचं काही कामाला आलं नाही. मग तो कागद आपण रद्दच समजू या का?"

"पगडी अजून तुझ्याकडेच आहे ना?"

"कपाटात आहे."

"मग कागद माझ्याकडे आहे."

त्या रविवारी केतकी पहाटे साडेपाचला मैदानावर गेली. सुकदेव घड्याळ घेऊन उभा होता. तेवीस मुली पाचव्या फेरीत होत्या. सर्वांत मागची पोटात कळ येऊन वाकत होती, पण थांबत नव्हती. केतकी चुन्याच्या रेघेबाहेर उभी राहिली. आप्पा इथे उभे राहून मुलींशी एक शब्द बोलत नसत. नुसते बघत. तेवढं तिलाही जमण्यासारखं होतं.

कुंपणाजवळ एक बाई केव्हाची ताटकळत होती. डोक्यावर पदर, हातात भाकरीचा डबा, मागाच्या पाळीवर निघालेली.

"ग्रंथपालताई तुम्हीच ना? आमच्याकडे गंधमुक्ती झाली परवा. दिराने न्हाताना पगडी काढून ठेवली. सगळे म्हणतात, आता बहिणीला बोलवा, पुस्तकात दिलंय. पण त्याला सख्खी नाही हो, चुलत आहे. सचिन गावाला असते. ती चालते का? बघता का जरा पुस्तकात?"

केतकीने कानाला हात लावून पाहिला. थंडगार होता.

"चालते," ती म्हणाली. "पण ती मागेल ते आधी द्यावं लागतं."

"आणि काय मागते ती?"

"ते तिलाच विचारा."

बाई गोंधळली. तिने डबा या हातातून त्या हातात घेतला. "तिला कुणी काही विचारतच नाही हो, ताई."

"म्हणूनच तर लिहून ठेवलंय," केतकी म्हणाली.